जांभळाची साल कोणी सोलली?

माझी आई माणसं मारते, पण आमचं घर चाललं ते बाबांच्या ओझरच्या विमान कारखान्यातल्या नोकरीवर.

हे आधीच सांगितलेलं बरं, कारण रहस्यकथा लिहिणाऱ्या बाईबद्दल लोकांच्या कल्पना भन्नाट असतात. लोकांना वाटतं, ती काळी साडी नेसून, मांजर कुरवाळत, खिडकीबाहेर बघत कारस्थानं रचत असणार. (मांजर आमच्याकडे नाही. बाबांना शिंका येतात.) प्रत्यक्षात आई गाऊन घालून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसते. समोर लॅपटॉप, शेजारी भाजी. लिखाण सुरळीत चाललं असेल तर आम्हाला खिचडी मिळते. कथानक अडलं की मेथी निवडली जाते. आणि खुनी, प्रेत आणि इन्स्पेक्टर असे तिघंही एकाच खोलीत अडकून पडले, की आई कडवे वाल भिजत घालते आणि एकेक सोलत बसते. म्हणजे ती जितकी अडते तितकं आम्ही चांगलं जेवतो. दिवाळी अंकांच्या मोसमात आमचं अख्खं घर जाड होतं!

तिच्या चौकसपणाचा जाच वेगळाच. लग्नाला गेली की ती नवरीचे दागिने बघत नाही, मठ्ठ्याचं पिंप बघते. "इथे कोणीही काहीही टाकू शकतं गं," असं ती मला हळूच म्हणते. पण तिचं 'हळूच' तीन टेबलांना ऐकू जातं. एकदा देवळाली कॅम्पच्या बसस्टॉपवर तिने एका जवानाला फार आपुलकीने विचारलं, "दादा, तुमच्या तोफांचा सराव चालू असताना जवळच कोणी साधं पिस्तूल उडवलं, तर ऐकू येईल का हो?" बस आली म्हणून वाचलो. त्या जवानाने बसचा नंबर लिहून घेतलेला मी स्वतः पाहिला.

माझा उद्योग याच्या बरोबर उलटा. मी पत्रकं लिहिते. कॉलेजात बसच्या पासापासून सुरुवात केली, मग फूटपाथ, मग अंबडच्या कंत्राटी कामगारांच्या सुट्ट्या. पत्रकाचा नियम एकच: गुन्हेगाराचं नाव पहिल्या ओळीत, ठळक अक्षरात. दुसऱ्या ओळीत निषेध. तिसऱ्या ओळीत जाहीर सवाल. वाचणारा माणूस बसच्या रांगेत उभा असतो, त्याला वेळ नसतो! आईच्या पुस्तकात पावणेदोनशे पानं जी गोष्ट लपवून ठेवतात, ती मी पहिल्या चार शब्दांत सांगून मोकळी होते. एकाच घरात राहून आम्ही एकमेकींचं काही शेवटपर्यंत वाचत नव्हतो, आणि त्यामुळे घरात शांतता होती.

ती शांतता जांभळाने घालवली.

पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या सोसायटीच्या अंगणात एक मोठं जांभळाचं झाड आहे. त्याच्यावर माझा जीव आहे, आणि गाडीवाल्यांचा राग. कारण जूनमध्ये जांभळं पिकली, की खाली उभ्या असलेल्या सगळ्या पांढऱ्या गाड्या जांभळ्या ठिपक्यांच्या होतात. एके दिवशी दिसलं की बुंध्याची साल जागोजागी गेली आहे. चांगले हातभर पट्टे. चौकोनी! कडा अशा सरळ, की फूटपट्टी लावून कापल्यासारख्या.

सोसायटीचे चेअरमन बोरस्ते काका यांनी झाडाभोवती एक चक्कर मारली आणि निदान केलं, "कीड आहे."

"काका, चौकोनी कीड?"

"नवीन जात असेल. झाड आतून गेलंय, शरू. उद्या कोणाच्या डोक्यात पडलं तर? रविवारी मीटिंग घेतो. ठराव करून पालिकेकडे तोडायची परवानगी मागू."

"आणि तिथे काय करणार?"

"तिथे…" काकांनी झाडाकडे असं पाहिलं, जणू ते आत्ताच गेलं आहे. "तिथे सहा गाड्या बसतील."

माझं डोकंच फिरलं! ही कीड नव्हे, हा माणसाचा हात आहे, हे आंधळ्यालाही दिसत होतं. कोणीतरी झाड मारायला साल काढतंय आणि मग 'आजारी आहे' म्हणून तोडायला निघालंय. रविवारी एवढंच सिद्ध करायचं होतं, की साल कोणीतरी सोलली. म्हणजे झाड ठणठणीत ठरलं असतं आणि ठराव पडला असता. नाही जमलं, तर सोमवारी अर्ज आणि मग करवत. आता संशयित कोण, हे काय सांगायला हवं? मी बसले आणि एका दमात लिहिलं, 'चेअरमन बोरस्ते यांचा जाहीर निषेध!'

आई वाल सोलत होती. म्हणजे तिच्या कादंबरीचं काय चाललं होतं ते समजून घ्या. संपादकांचा दिवसातून दोनदा फोन येत होता आणि बाबा "मॅडम आंघोळीला गेल्यात" असं सांगत होते. (त्या आठवड्यात आई गोदावरीपेक्षा जास्त वेळ पाण्यात होती.) तिने मान तिरकी करून माझ्या कागदाची पहिली ओळ वाचली.

"पहिल्याच ओळीत नाव?"

"हो!"

"मग दुसरी ओळ कोण वाचणार? आणि पुरावा काय तुझ्याकडे?"

"त्यांची गाडी पांढरी आहे!"

"तुझ्या बाबांचीही पांढरीच आहे," आई म्हणाली आणि वालाचं पातेलं बाजूला सारलं. तिच्या डोळ्यांत चमक आली होती. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. अडलेल्या लेखकाला स्वतःची कादंबरी सोडून जगातलं कुठलंही लिखाण आवडतं. वाण्याची यादीसुद्धा तो तीनदा सुधारून लिहील. "ठेव इथे. मी जरा हात फिरवते."

मला अंबडला कामगारांच्या धरण्याला जायचं होतं. घाई होती. मी कागद तिच्या हातात दिला आणि गेले. (राजकारणात याला आत्मघात म्हणतात.)

संध्याकाळी परत आले, तर पत्रक छापून, घडी घालून, प्रत्येकाच्या दाराखालून आत सरकवून झालं होतं. हे काम आईने स्वतः केलं होतं. पावलांचा आवाज न करता जिना चढता येतो का, हे तिला तसंही बघायचंच होतं. मी आमच्या दारातली प्रत उचलली.

'पहाट होती,' अशी सुरुवात होती. 'जांभळाखाली कोणीतरी उभं होतं. त्याच्या हातात काहीतरी चकाकलं.'

मी पुढे वाचलं. 'या इमारतीत असा एक माणूस आहे, ज्याला पहाटे झोप येत नाही. असा एक माणूस आहे, ज्याच्या घरात धारदार हत्यारं आहेत आणि ती तो कोणाला दाखवत नाही. एक बाई आहे, जिची साडी जांभळाच्या डागाने गेली आणि तेव्हापासून ती झाडाकडे बघून हसत नाही. यांतला एक जण खोटं बोलतो आहे. तो कोण? रविवारी, झाडाखाली.'

खाली माझं नाव होतं. निषेध नव्हता. सवाल नव्हता. बोरस्ते तर कुठेच नव्हते!

"आई! हे पत्रक आहे?"

"वाचलंस ना शेवटपर्यंत?" ती म्हणाली. "तुझी पत्रकं मी दुसऱ्या ओळीनंतर ठेवून देते."

पंधरा मिनिटांत बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरच्या जाधव वहिनी. हातात साडी.

"हे बघ शरू, डाग माझ्याच साडीला पडला होता, कबूल. पण मी हसत नाही ते दातांची ट्रीटमेंट चालू आहे म्हणून! आणि मागच्या आठवड्यात मी माहेरी मनमाडला होते. विचार माझ्या वहिनीला. लाव फोन!"

त्यांना शांत करून पाठवते तोवर निकम भाऊ. हे अंबडला कारखान्यात आहेत, पण बोलणं अजून निफाडचं.

"ताई, मला पहाटं झोप येत नाय हे खरं हाय. पण मी झाडाला हात लावला नाय. फक्त एक सांगतो, गणपतीतली लायटिंगची माळ माझ्याकडं हाय. ती मी ठिवून घेतली. लय दिवस मनात खात व्हतं. आता हलकं वाटतंय."

त्या दोन दिवसांत आमच्या घराचं पोलीस ठाणं झालं. दुसऱ्याच्या दारात कचरा ढकलणारे कबूल झाले. लिफ्टमध्ये पान थुंकणारे कबूल झाले. एका आजोबांनी तर मला शपथेवर सांगितलं, की त्यांच्या घरातलं धारदार हत्यार ही नारळाची खवणी आहे. साल सोलल्याचं मात्र कोणीच कबूल करेना! तळमजल्यावरचे अहिरे सर मूळचे सटाण्याकडचे, हायस्कुलात भूमितीचे शिक्षक होते. त्यांनी तपास स्वतःकडे घेतला. भिंग घेऊन ते झाडाशी तासन् तास उकिडवे बसत, आणि ताण आला की सरळ अहिराणीत शिरत. "चोर आठेच शे!" म्हणजे चोर इथेच आहे, असं ते एकदम ओरडले, तेव्हा दूधवाला कॅन टाकून पळाला. (त्याने दुधातल्या पाण्याचं कबूल केलं ते नंतर.)

सगळ्यात कमाल केली बोरस्ते काकांनी. ज्या माणसाला मी पहिल्या ओळीत गाडणार होते, तो पत्रक हातात घेऊन हसत हसत आमच्याकडे आला.

"काय लिहिलंयस शरू! रात्री दोनदा वाचलं. यापूर्वीची तुझी पत्रकं म्हणजे… असो. तो मी नाही ना गं?"

"सांगता येत नाही," आई आतून म्हणाली.

काका इतके खूश झाले, की चहा पिऊन गेले.

मी आईसमोर जाऊन बसले. "आता बास. उद्या मीटिंग आहे. अख्खी सोसायटी येणार आहे. कोण आहे तो?"

आईने वाल सोलायला घेतले. वाल! म्हणजे ती अडली होती.

"कोण आहे, आई?"

"मला कुठे माहीत?"

"म्हणजे?!"

"मी कधीच आधी ठरवत नाही. संशयित मांडून ठेवायचे. शेवटाला आलं की त्यांच्यातलाच एक जण मान वर करतो."

"अगं, हे खरं झाड आहे! गुन्हेगार ठरवायचा नसतो, शोधायचा असतो!"

"तू शोधला होतास?" तिने विचारलं. "तूही ठरवलाच होतास. फक्त पहिल्या ओळीत."

मी उठले आणि पट्टी लावून पोस्टरं कापायला बसले.

रविवारी सकाळी मला पोस्टर चिकटवायला खळ शिजवायची होती. 'झाड वाचवा'ची पंधरा पोस्टरं तयार होती. आई आंघोळीला गेली होती, या वेळी खरोखरच. मी जुनं पातेलं शोधत होते आणि ते गॅसवर सापडलं. झाकण काढलं, तर आत तांबूस-तपकिरी पाणी उकळत होतं, आणि त्यात पट्टे तरंगत होते. चौकोनी. कडा सरळ.

मागे बाबा उभे होते. हातात गाळणी.

"बाबा?"

"हळू बोल," बाबा म्हणाले.

"बाबा, हे…"

"शुगरसाठी. मोबाईलवर आलं होतं, जांभळाच्या सालीचा काढा. डॉक्टर म्हणाले, पुढच्या रिपोर्टला साखर उतरली नाही तर इन्सुलिन. रोज सुई, शरू." आयुष्यभर विमानांचे भाग तासणारा माझा बाप गाळणी दोन्ही हातांनी धरून उभा होता. "सुई मला नाही जमत. तुझ्या जन्माच्या वेळी नर्सने तुला टोचलं, तर मी पडलो होतो."

"आणि ही फूटपट्टीने कापलेली साल?"

बाबा जरा दुखावले. "वाकडी कापायची होय?"

"आईला कळलं नाही? रोज तिच्या नाकासमोर उकळताय!"

"तिने एकदा विचारलं. मी म्हटलं, काळा चहा. तर म्हणाली, मलाही द्या. प्यायली. म्हणाली, आसामचा दिसतोय."

बत्तीस कादंबऱ्यांत बत्तीस प्रकारची विषं वासावरून ओळखणारी बाई!

"साखर उतरली का?"

"नाही," बाबा म्हणाले. मग अगदी बारीक आवाजात, "शरू, सगळ्यांसमोर नको गं सांगू. बोरस्ते माझ्याबरोबर रोज चालायला येतो. आयुष्यभर मी कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही."

खालून अहिरे सरांचा आवाज आला, "चला, चला, वेळ झाली!"

मी असंख्य वेळा माइकवर ओरडून सांगितलं आहे, की गुन्हेगार कितीही जवळचा असो, त्याचं नाव घेतलं पाहिजे. माइकवर जवळचा म्हणजे नगरसेवक वगैरे डोळ्यांसमोर असतो. गाळणी धरून उभा असलेला बाप नसतो.

झाडाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या मीटिंगला एरवी चार माणसं आणि एक कुत्रं येतं. त्या दिवशी शेजारच्या सोसायटीतली माणसंसुद्धा कंपाउंडवर बसली होती. बोरस्ते काकांनी ठराव वाचायला घेतला, "झाडाला कीड लागून साल आपोआप गळत असल्यामुळे…"

"ठराव मागाहून!" अहिरे सर गरजले. "आधी गुन्हेगार!"

"हो, हो!" सगळे खुर्च्यांवर पुढे सरकले. आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं.

आई उठली. आनंदाने उठली! तिला एवढे वाचक एकत्र कधी मिळाले नव्हते.

"कीड असती, तर कडा कुरतडलेल्या असत्या," ती म्हणाली. "इथे पट्टे मापात आहेत. म्हणजे माणूस. रागाने झाड मारायचं असतं, तर त्याने बुंध्याभोवती पूर्ण गोल साल काढली असती, म्हणजे झाड वाळतं. ती काढलेली नाही. म्हणजे त्याला झाड मारायचं नव्हतं. त्याला साल हवी होती."

गर्दीतून "आऽऽ" असा आवाज आला. ही बाई लिहिता लिहिता शेवटाला चालली होती!

"हत्यार पटाशीसारखं. हात सरावाचा. असा माणूस, ज्याला वाकडी रेघ सहन होत नाही. तो पहाटे उठतो. साल घरी नेतो, उकळतो, आणि त्याचं पाणी…"

आई थांबली.

तिने जीभ टाळ्याला लावली, चव आठवत असल्यासारखी. मग तिची नजर तिसऱ्या रांगेत गेली. तिथे बाबा बसले होते, मान छातीशी. आईचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता. बत्तीस खुनी तिने हसत हसत पकडून दिले होते. तेहतिसाव्याला बघून तिचे ओठ हलले, पण शब्द फुटेना.

"कोण? कोण?" जाधव वहिनी रडकुंडीला आल्या होत्या.

"नाव सांगता येत नाही, मग कीडच!" बोरस्ते काका म्हणाले. "ठरावाला अनुमोदन कोण देतंय?"

दोन हात वर गेले. तिसरा जायला लागला.

"मी!" मी ओरडले. "साल मी काढली!"

मला वाटलं, आता कोणीतरी म्हणेल, छे, शक्यच नाही! या झाडासाठी पंधरा पोस्टरं करणारी मुलगी!

"वाटलंच होतं," निकम भाऊ म्हणाले.

"मला तर पहिल्या दिवसापासून," जाधव वहिनी म्हणाल्या.

"भूमिती!" अहिरे सर आनंदाने ओरडले. "पट्ट्या लावून पोस्टरं कापते ती रोज!"

"पण का गं?" काकांनी विचारलं.

कारणाचा मी विचारच केला नव्हता! तोंडाला आलं ते बोलले, "तुमच्यावर आळ घालायला!"

आणि काय सांगू, या उत्तराने अख्ख्या सोसायटीचं समाधान झालं. माणसं एकमेकांना टाळ्या द्यायला लागली. साल माणसाने काढली म्हणजे झाड धडधाकट आहे, हे आपोआप सिद्ध झालं. ठराव पडला. तो फाडून काकांनी स्वतःच्या खिशात टाकला, आणि वर मला म्हणाले, "पोरी, मनाला लावून घेऊ नको. पण तुझा जाहीर निषेध करावा लागेल. सोसायटीची रीत म्हणून."

घरी आल्यावर आईने गॅसवरचं पातेलं मोरीत ओतलं. सोमवारी बाबांना हाताला धरून डॉक्टरकडे घेऊन गेली. आता इन्सुलिन तीच देते. बाबा डोळे मिटून बसतात, ती एका हाताने त्यांचं डोकं पोटाशी धरते आणि दुसऱ्या हाताने टोचते. पुढच्या कादंबरीतली खुनी नर्स आहे, त्यामुळे सराव हवाच होता, असं ती म्हणते. म्हणू दे.

राहता राहिला माझा निषेध. सोसायटीत कोणालाच पत्रक लिहिता येत नाही, हे तेव्हा लक्षात आलं. शेवटी बोरस्ते काका कोरा कागद घेऊन माझ्याकडेच आले. मी लिहिलं. 'निर्लज्ज', 'कारस्थानी', 'वृक्षद्रोही', काहीही कमी ठेवलं नाही. धंद्याशी बेइमानी मला जमत नाही. काका वाट बघत बसले होते, तरी मी कागद आधी आईला दाखवला.

आईने शेवटपर्यंत वाचला. माझं संपूर्ण पत्रक तिने वाचलं, ते आयुष्यात पहिल्यांदाच.

"भाषा जोरदार आहे," ती म्हणाली. "पण एक मुलगी स्वतःच्याच लाडक्या झाडाची साल सोलते, तीही दुसऱ्यावर आळ घालायला… इतकं मूर्ख कोणी असतं का? वाचकाला पटायचं नाही."

"पटतं की!" बोरस्ते काका म्हणाले, आणि त्यांनी खाली पहिली सही ठोकली.